खुर्चीत कोण बसणार? सर्व्हर प्रोसेसर का वर्कस्टेशन, वाचकांचे प्रश्न

नमस्कार मंडळी. या महिन्यात पत्रं अन् व्हॉट्सअ‍ॅप मिळून एकच विषय फिरून फिरून आलाय, सर्व्हरचा प्रोसेसर घ्यावा का मोठा वर्कस्टेशनचा. लातूरहून आलाय, वाळूजहून आलाय, परभणीहून आलाय. एपिक, झीऑन (हे सर्व्हरचे), थ्रेडरिपर (हा वर्कस्टेशनचा) ही नावं आता मोंढ्यातल्या दुकानापर्यंत पोचलीत आणि लोक लाखांमध्ये पैसे घालायला निघालेत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकाला ठेवले आणि अख्खं सदर यालाच दिलं. नावं कुणाचीच छापत नाही, बऱ्याच जणांनी धंद्याचे आकडे लिहिलेत.

प्रश्न : सर, आमचं ड्रोन सर्व्हेचं काम आहे, लातूर, धाराशिव, पार बीदर बॉर्डरपर्यंत फिरतो. एका प्रोजेक्टला ३-४ हजार फोटो असतात, मेटाशेपमध्ये (फोटो जोडून नकाशा बनवायचं सॉफ्टवेअर) टाकले की मशीन दोन दोन दिवस अडकून पडायलंय, चार पोरं वाट बघत बसतात. सध्या रायझन ९ ५९५०एक्स, ६४ जीबी रॅम, आरटीएक्स ३०७० आहे. पुण्याचा डीलर म्हणतो एपिक ९३५४ घ्या, सर्व्हरचा आहे, परत बघायचं काम नाही. हैदराबादवाला म्हणतो थ्रेडरिपर ७९७०एक्स. दोन्ही ३२ कोरचे, कोटेशनमध्ये फरक थोडाच. काय करावं कळंना झालंय. कर्ज काढूनच घ्यायचंय. (एक वाचक, लातूर)

कर्ज काढून घ्यायचंय हे वाचलं म्हणून सविस्तर लिहितो, घाई करू नका.

पहिली गोष्ट, हे दोन्ही प्रोसेसर एकाच घरचे आहेत. दोन्ही एएमडीचे, दोन्ही झेन ४ म्हणजे कोरची एकच पिढी, एपिकची ती पिढी नोव्हेंबर २०२२ मध्ये आली आणि थ्रेडरिपर ७००० बरोबर वर्षभरानं, नोव्हेंबर २०२३ मध्ये. म्हणजे एक कोर उचलून दुसऱ्याशेजारी ठेवला तर अक्कल तीच आहे. फरक आहे तो वेगाचा आणि रॅमच्या रस्त्यांचा. एपिक ९३५४ चा बेस (नेहमीचा वेग) ३.२५ गिगाहर्ट्झ आणि बूस्ट (वरचा वेग) ३.८ पर्यंत, रॅमचे चॅनल १२, वॅट २८०. थ्रेडरिपर ७९७०एक्सचा बेस ४.० आणि बूस्ट ५.३, चॅनल ४, वॅट ३५०. मोंढ्याच्या भाषेत सांगायचं तर हमाल दोन्हीकडं ३२ च आहेत, एकीकडं हमाल निवांत चालतात पण गोदामाला दरवाजे १२, दुसरीकडं हमाल पळतात पण दरवाजे ४. आता तुमच्या मालाला दरवाजे कमी पडतात का हमाल हळू पडतात, हे बघितल्याशिवाय कुणीच उत्तर देऊ नये, मी पण नाही आणि डीलरनं पण नाही.

ते बघायचं कसं तर फुकटात बघता येतं. पुढचा प्रोजेक्ट लावाल तेव्हा शेजारी एक वही ठेवा आणि टास्क मॅनेजर उघडा, दर अर्ध्या तासानं पाच आकडे लिहा, सीपीयू किती टक्के, रॅम किती, डिस्क किती, जीपीयू किती आणि मेटाशेपची कोणती पायरी चालू आहे. तुमच्या ५९५०एक्सला १६ कोर आणि ३२ थ्रेड (एका वेळेला चालणारी कामं) आहेत म्हणून जिथं एकच थ्रेड काम करत असेल तिथं सीपीयू ३ टक्के दिसेल, बाकी सगळं शांत, पंखा पण हळू, आणि तुम्हाला वाटेल मशीन झोपलंय. झोपलेलं नसतं, एकटा कोर जीव तोडून पळत असतो आणि ३१ थ्रेड बघत उभे असतात. अशा वेळेला ३२ काय, ९६ कोर घातले तरी एक मिनिट वाचत नाही, तिथं फक्त गिगाहर्ट्झ कामाला येतो. कोर वाढले की तो आकडा उलट अजून खाली जातो, ६४ थ्रेडच्या मशीनवर हेच काम दीड-दोन टक्के दाखवतं, लोक म्हणतात एवढं भारी मशीन घेतलं आणि वापरतच नाही की.

मेटाशेपमध्ये डेप्थ मॅप (फोटोतल्या वस्तू किती लांब ते) काढायची पायरी मुख्यतः ग्राफिक्स कार्डावर चालते, फोटो जुळवताना पण कार्डाची मदत होते, मधल्या काही पायऱ्या सगळ्या कोरवर पसरतात आणि काही जागी एक-दोन थ्रेडवरच घोडं अडतं. असलं मिश्र काम असेल तर पळणारा हमाल पाहिजे. १२ दरवाजांचा उपयोग तुमच्याकडं नाही, म्हणून या दोनपैकीच निवडायचं तर थ्रेडरिपर, यात मला शंका नाही.

पण दोनपैकीच कामून निवडायचं? वहीत जर असं दिसलं की रॅम ६४ पैकी ६३ वर टेकलीय आणि डिस्क १०० टक्क्यांवर आहे तर तुमचे दोन दिवस प्रोसेसर खात नाही, रॅम संपल्यावर विंडोज डिस्कवर उचलठेव करतंय ते खातंय. तुमच्या बोर्डावर १२८ जीबी बसते, तीच त्याची कमाल आहे. ती टाकून एक प्रोजेक्ट चालवून बघा. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव वर गेलेत हे खरं, तरी नव्या मशीनच्या कर्जापुढं हा खर्च काहीच नाही. डेप्थ मॅपला जीपीयू १०० टक्के आणि तिथंच रात्र जात असेल तर आधी ३०७० बदला. आणि एवढं करूनही सीपीयूच सगळे कोर भरून तासन्‌तास चालत असेल तर मग थ्रेडरिपर घ्या, मनापासून घ्या. तेव्हासुद्धा २४ कोरच्या ७९६०एक्सचं कोटेशन मागा, अमेरिकेत आला तेव्हा तो १४९९ डॉलर होता आणि ३२ कोरचा २४९९, ते हजार डॉलर कार्डात गेलेले तुमच्या कामाला जास्त लागू पडतील. जुलै २०२५ मध्ये ९००० ची पिढी त्याच भावानं आलीय आणि बायोस अपडेट करून थ्रेडरिपरच्या त्याच टीआरएक्स५० बोर्डावर बसते.

एक गोष्ट कोटेशनमध्ये डोळ्यात तेल घालून बघा. ४ चॅनलचा बोर्ड आणि रॅमची १२८ जीबीची एकच स्टिक, असं कोटेशन मी स्वतः बघितलंय. एक स्टिक म्हणजे एकच दरवाजा उघडा. चारही चॅनल भरायचे, ३२ च्या ४ घ्या. आणि या बोर्डाला रजिस्टर्ड रॅम लागते, आरडीआयएमएम, साध्या पीसीची रॅम त्यात बसत नाही.

आता डीलरचं ते "सर्व्हरचा आहे" हे वाक्य. सर्व्हरचा प्रोसेसर जास्त टिकतो म्हणून त्याला सर्व्हरचा म्हणत नाहीत. जिथं समोर माणूस बसत नाही, एका वेळेला शंभर जणांची कामं येतात, मशीन २४ तास थंड खोलीत चालतं आणि एका कोरला थोडं हळू झालं तरी एकूण हिशेब चुकत नाही, तिथल्यासाठी तो बनलाय. वर्कस्टेशनचा त्या माणसासाठी बनलाय जो खुर्चीत बसून माउस दाबतो आणि वाट बघतो. तुमच्याकडं चार पोरं वाट बघत बसतात.

आणि खोलीचा पण विचार करा. मी हैदराबादहून २०१९ मध्ये जुना सर्व्हर आणला होता, चपटा, रॅकमध्ये बसणारा. स्वस्त पडला. घरी चालू केला आणि त्याचे बोटाएवढे पंखे असे किंचाळले की शेजारच्या खोलीत वडील आजारी होते, त्यांना त्या रात्री झोप लागली नाही. मी उठून बंद केला, परत त्या घरात चालू केला नाही. त्या मशीनमध्ये प्रोसेसरवर पंखाच नसतो, फक्त हिटसिंक, आणि पुढून मागं वाऱ्याचा झोत मारूनच तो थंड राहतो. बोर्डाच्या बाकीच्या भागांना पण तोच झोत लागतो. एपिक टॉवर कॅबिनेटमध्ये बसवता येतो पण मग तो वारा तुम्हाला स्वतः तयार करावा लागतो.

प्रश्न : आमचं वाळूजला टूल रूम आहे, प्रेस टूल आणि डाय बनवतो. सॉलिडवर्क्सच्या (डिझाइनचं सॉफ्टवेअर) ४ सीट म्हणजे लायसन आणि भार-ताण तपासायच्या अ‍ॅन्सिसची १. नवीन आलेला इंजिनिअर म्हणतो ६४ कोरचा एकच थ्रेडरिपर घेऊ, सगळे त्याच्यावरच रिमोटनं काम करू, चार पीसीचा खर्च वाचंल. मला पटतंय पण भीती वाटतेय. (एक उद्योजक, वाळूज एमआयडीसी)

भीती बरोबर आहे साहेब. त्या पोराचा हेतू चांगला आहे, त्याला रागवू नका, पण हे करू नका.

सॉलिडवर्क्समध्ये एक डायमेन्शन बदललं की खालची सगळी फीचर एकामागं एक परत बनतात, दुसरं पहिल्यावर अवलंबून, तिसरं दुसऱ्यावर, त्यामुळं ते काम बहुतेक एका कोरवरच होतं. ६४ कोरवाल्या थ्रेडरिपर ७९८०एक्सपेक्षा साध्या १६ कोरच्या रायझन ९ ९९५०एक्सचा बूस्ट जास्त आहे, ५.७ गिगाहर्ट्झ विरुद्ध ५.१. म्हणजे महाग वस्तू घेऊन डिझायनर उलट हळू होणार. आणि एका मशीनचा पॉवर सप्लाय गेला की चारही जण हात बांधून बसणार, कस्टमरची डिलिव्हरी मात्र तारखेलाच. चार वेगवेगळे चांगल्या क्लॉकचे पीसी घ्या, विषय संपला.

अ‍ॅन्सिसचं मात्र वेगळं आहे आणि इथंच खरी मजा आहे. आधी तुमच्या लायसनचा कागद काढा. मूळ लायसनमध्ये सॉल्व्हरला (गणित सोडवणारा भाग) ४ कोर मिळतात. एक एचपीसी पॅक (जास्तीच्या कोरचं लायसन) घेतला की ८ वाढतात, म्हणजे १२. पॅक नसेल तर ६४ कोरच्या मशीनवर ६० कोर तुमच्या पैशानं नुसते गरम होत बसतील. म्हणून बरेचदा प्रोसेसरच्या किमतीपेक्षा लायसन मोठा खर्च असतो आणि प्रोसेसर लायसनच्या मापानं निवडावा लागतो, कोर कमी पण प्रत्येक कोर दमदार, आणि रॅमचे रस्ते रुंद, कारण स्ट्रक्चरलचा सॉल्व्हर मोठाली मॅट्रिक्स रॅममधून सारखी ओढत असतो.

समजा १२ कोरचं लायसन आहे. मग १६ कोरचे दोन पर्याय समोर येतात, थ्रेडरिपर प्रो ७९५५डब्ल्यूएक्स आणि एपिक ९१७४एफ. कागदावर प्रो चांगला दिसतो, ४.५ ते ५.३ गिगाहर्ट्झ, ८ चॅनल. एपिक ४.१ ते ४.४, १२ चॅनल. आता दोघांचा एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी वेगवान मेमरी) बघा, प्रोचा ६४ एमबी आणि एपिकचा २५६ एमबी. या पिढीत कोर चिपलेट नावाच्या छोट्या तुकड्यांवर असतात आणि साध्या चिपलेटमागं ३२ एमबी असतो, म्हणून ३२ नं भागलं की आत चिपलेट किती ते कळतं. प्रोमध्ये २, एपिकमध्ये ८. आणि रॅमचं पाणी कोरपर्यंत येतं ते चिपलेटच्याच पाइपातून. विहिरीला पाणी भरपूर आहे पण मोटारी दोनच बसवल्यात, अशी गत त्या प्रोची होते, आठ चॅनल भरूनही दोन चिपलेट ते सगळं ओढू शकत नाहीत. एपिकमध्ये १६ कोर आठ चिपलेटवर दोन दोन असे वाटून दिलेत, प्रत्येक जोडीला स्वतःचा पाइप आणि स्वतःचा ३२ एमबी कॅश.

म्हणून लातूरच्या वाचकाला ज्या घरचा प्रोसेसर नको म्हटलं त्याच घरचा इथं घ्या म्हणतोय, नावात एफ असलेला. मॉडेल नंबरच्या शेवटी एफ म्हणजे जास्त क्लॉकवाला. ३२० वॅटचा आहे, त्याला वेगळ्या खोलीत ठेवा, त्या मशीनसमोर कुणी बसायची गरज नाही, डिझायनरनं आपल्या पीसीवर मॉडेल बनवायचं आणि सोडवायला तिकडं पाठवायचं. त्या पोरालाच सांगा हे मशीन उभं करायला, तो मन लावून करंल.

प्रश्न : नवा मोंढा, जालना इथं आडत दुकान आहे. टॅली आणि बिलिंग मिळून १० जण काम करतात. कॉम्प्युटरवाला दोन झीऑनचा टॉवर सर्व्हर घ्या म्हणतोय. घ्यावा का?

नको. दहा जणांच्या टॅलीला दोन प्रोसेसर लागत नाहीत, एक चांगला ६-८ कोरचा पुरतो. फक्त ईसीसी रॅम (चुका दुरुस्त करणारी) घेणारा एंट्री सर्व्हर घ्या, झीऑन ई किंवा एपिक ४००४ असं काही, हे साध्या पीसीच्याच जातीचे पण सर्व्हरच्या बोर्डावर बसणारे आहेत. दोन एसएसडी मिरर करून घ्या म्हणजे एक गेली तरी दुकान चालू. आणि वाचलेल्या पैशातून दोन बाहेरच्या हार्डडिस्क घ्या, रोज संध्याकाळी एकीवर बॅकअप घेऊन ती घरी न्यायची, दुसऱ्या दिवशी दुसरी. सीझनमध्ये, तुरीची आवक चालू असताना, उधारीचं खातं उडालेलं मी बघितलंय, त्या माणसाचं काय झालं ते लिहवत नाही.

प्रश्न : दादा, मी नांदेडला लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. एका व्हिडिओत सांगितलं की जुने दोन झीऑन ई५-२६८० व्ही४ टाकले की २८ कोर मिळतात ते पण मोबाईलच्या भावात. सोनीच्या कॅमेऱ्याचं ४के टाइमलाइनवर लई अडकायलंय. घेऊ का?

भाऊ, २८ हा आकडा बघून कुणाचाही जीव जाईल पण तुझं दुखणं वेगळं आहे. टाइमलाइन अडकते ती कोर कमी म्हणून नाही, कॅमेऱ्याची दाबून बसवलेली फाइल उलगडायला वेळ लागतो म्हणून. सोनीचं १० बिट ४:२:२ (रंगाची माहिती जास्त ठेवणारं) फुटेज असेल तर ते उलगडणारं हार्डवेअर पाहिजे, इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या आतल्या ग्राफिक्सला ४:२:२ चं एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून ठेवायची पद्धत) जमतं, क्विक सिंक म्हणतात ते, आणि एनव्हिडियात आरटीएक्स ५० च्या सिरीजपासून ते आलंय. तुझे झीऑन २०१६ चे, २.४ ते ३.३ गिगाहर्ट्झ, आत ग्राफिक्सच नाही. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. प्रत्येकी १२० वॅट खाणार ते वेगळंच.

इंटेलचा नंबरमागं के असलेला किंवा साधा आय५, आय७ घे पण नंबरच्या मागं एफ नसलेला, कारण इंटेलच्या पीसीत एफ म्हणजे ग्राफिक्स काढून टाकलेला, एपिकच्या एफचा आणि याचा काही संबंध नाही, गोंधळू नको. तोवर आजच्या आज प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या कॉपी) बनवून एडिट करून बघ, अर्धा त्रास आहे त्याच मशीनवर कमी होईल.

प्रश्न : मी परभणीत संशोधन करते, पावसाच्या अंदाजासाठी डब्ल्यूआरएफ मॉडेल चालवायचंय. विभागाला निधी मिळालाय. ९६ कोरचा थ्रेडरिपर प्रो ७९९५डब्ल्यूएक्स घ्यावा की ९६ कोरचा एपिक ९६५४? गाईड म्हणतात कोर जास्तीत जास्त घ्या.

ताई, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. मराठवाड्यात पावसाच्या अंदाजावर काय काय अवलंबून असतं ते तुम्हाला मी सांगायला नको, २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते दिवस मी बघितलेत. तुमचं मशीन चुकीचं येऊ नये असं मनापासून वाटतं.

डब्ल्यूआरएफ हे काम रॅमच्या रस्त्यावर अडणारं आहे. हिशेब सोपा आहे. डीडीआर५-४८०० रॅमच्या एका चॅनलमधून सेकंदाला ३८.४ जीबी जातं. एपिकला १२ चॅनल, झाले ४६०.८. थ्रेडरिपर प्रोला ८ चॅनल पण रॅम ५२०० ची, झाले ३३२.८. दोन्हीकडं ९६ कोरनं भागा, एपिकच्या वाट्याला कोरमागं ४.८ आणि प्रोच्या वाट्याला साडेतीनच्या आत. म्हणजे या दोनात एपिक. पण दोन्हीत कोर उपाशीच राहतात हो, दरवाजे भरून वाहिले की मागं कितीही हमाल वाढवा, रांगच वाढते.

मी तर म्हणेन एका ९६ कोरच्याऐवजी दोन ३२ कोरचे एपिक घ्या, दोन सॉकेटच्या बोर्डावर. हाच तो ९३५४, जो वर लातूरला नको म्हटला. दोन्ही मिळून २४ चॅनल, ९२१.६ जीबी सेकंदाला, भागिले ६४ कोर, प्रत्येकाला १४.४. कोर ९६ चे ६४ झाले तरी काम लवकर उरकायची शक्यताच जास्त आहे. दोन सॉकेट असले की अर्धी रॅम या प्रोसेसरच्या जवळ आणि अर्धी त्या, म्हणून एमपीआयच्या (काम कोरांत वाटून देणारी पद्धत) प्रोसेस कोरला बांधून चालवायच्या, नाहीतर एकाचं पाणी दुसऱ्याच्या विहिरीतून येत बसतं. शक्य असेल तर आधी एखाद्या ओळखीच्या संस्थेच्या सर्व्हरवर तुमचाच एक दिवसाचा रन १६, ३२, ६४ कोरवर चालवून वेळ लिहून काढा आणि तो कागद गाईडसमोर ठेवा. ते नक्की ऐकतील.

जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर टेंडर काढताना "रॅम ३८४ जीबी" एवढंच लिहू नका. सप्लायर ६४ च्या ६ स्टिक देऊन मोकळा होईल, २४ पैकी ६ दरवाजे उघडे, आणि कागदावर त्याचं काहीच चुकलेलं नसेल. "१६ जीबीच्या २४ आरडीआयएमएम, दोन्ही प्रोसेसरचे सर्व चॅनल भरलेले" असं लिहा. रिमोट मॅनेजमेंटचं पूर्ण लायसन पण त्यातच मागा. सर्व्हरच्या बोर्डावर बीएमसी नावाचा एक छोटा वेगळा कॉम्प्युटर असतो, मुख्य मशीन बंद असलं तरी तो जागा असतो, रात्री लाईट जाऊन आली तर घरून मशीन चालू करता येतं, स्क्रीन बघता येते. पावसाळ्यात तुम्हाला याचाच आधार होणार. फक्त ते बीएमसी सरळ इंटरनेटवर उघडं ठेवायचं नाही, व्हीपीएनच्या आतच.

प्रश्न : डीडीआर५ मध्ये ईसीसी आतूनच असतं म्हणतात, मग सर्व्हरच्या रॅमला जास्त पैसे कशाला? (एक विद्यार्थी, हिंगोली)

आतलं ईसीसी चिपच्या आतल्या चुकांपुरतं आहे. चिपमधून निघून प्रोसेसरपर्यंत जाताना बिट उलटला तर त्याला ते दिसत नाही. खऱ्या ईसीसी रॅममध्ये जास्तीच्या चिप असतात, त्या एका बिटाची चूक दुरुस्त करतात, दोन बिटांची पकडतात आणि सिस्टिमला कळवतात. गेम खेळायला नको, हिशेब, संशोधन आणि महिनोन्‌महिने चालणाऱ्या मशीनला पाहिजे. तुमच्याच जिल्ह्यात औंढ्याला लायगो-इंडिया (गुरुत्वीय लहरी पकडायची वेधशाळा) उभं राहतंय, तसल्या कामात एक बिट इकडचा तिकडं झालेला कुणालाच परवडत नाही.

प्रश्न : गेवराईला माझा आर्किटेक्चर रेंडरचा स्टुडिओ आहे, शेजारी जिनिंग. मागच्या वर्षी थ्रेडरिपर ७९६०एक्स आणि आरटीएक्स ४०९० घेतलं. उन्हाळ्यात दुपारी रेंडर लावलं की मशीन खटकन बंद. डीलर म्हणतोय हा प्रोसेसर २४ तासाचा नाही, सर्व्हरचा घ्यावा लागंल. आता परत कुठून पैसे आणू?

आणू नका. एक रुपया पण प्रोसेसरवर घालू नका, आधी हे वाचा.

आताचे प्रोसेसर गरम झाले तर आधी वेग कमी करतात, ९५ अंशाच्या आसपास गेले की क्लॉक खाली आणतात, रेंडर लांबतं. खटकन अंधार होत नाही. खटकन बंद होतंय म्हणजे पहिला संशय करंटवर. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, त्यात कर्नल-पॉवर ४१ दिसतंय का बघा, त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता बंद झालं. मग यूपीएसकडं या. तुमचा प्रोसेसर ३५० वॅट, कार्ड ४५० वॅट, बाकीचं धरून भर रेंडरला ९००-१००० वॅटचा भार आहे आणि पत्रात तुम्ही लिहिलंय की यूपीएस १ केव्हीएचा आहे. तो ६००-९०० वॅटच्या आतलाच असतो. सकाळी जेमतेम ओढतो, दुपारी गावात सगळे कूलर-एसी चालू झाले की व्होल्टेज पडतो, यूपीएस बॅटरीवर जातो आणि त्या सेकंदाला भार न पेलून हात वर करतो. ३ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस घ्या. सर्व्हरचा प्रोसेसर त्याच यूपीएसवर लावला असता तर तोही असाच बंद पडला असता.

गर्मी पण आहेच. मोठ्या डेटा सेंटरमध्ये मशीनच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंश ठेवायची शिफारस असते, तुमच्या खोलीत मे महिन्यात ती ४० च्या वर असणार. १००० वॅट म्हणजे खोलीत हिटर लावल्यासारखंच आहे, २४ तास चाललं तर दिवसाला २४ युनिट, आणि ती सगळी उष्णता एसीनं बाहेर काढायची. जिनिंग शेजारी आहे म्हणजे सरकीचा नुसता कापूस उडत असणार, रेडिएटरच्या आणि पॉवर सप्लायच्या जाळीवर त्याची रजईसारखी घट्ट चादर बसते, वरून दिसत नाही, पंखा काढला की दिसते. सीझनमध्ये दर पंधरा दिवसांनी काढून ब्लोअर मारा, पंख्याचं पातं बोटानं धरून.

आणि शेवटी अर्थिंग. नवा यूपीएस यायच्या आधी वायरमनला बोलवा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्टुडिओच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये किती व्होल्ट दिसतात ते रेंडर चालू असताना मोजायला सांगा. दोन-तीनच्या आत असेल तर ठीक. १०-१५ दाखवत असेल तर घराच्या मागं जाऊन अर्थिंगचा खड्डा बघा, आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि खड्डा कोरडाठाक पडतो, पट्टी मातीपासून सुटल्यासारखीच होते. मीठ-कोळसा नवा भरून घ्या आणि मार्चपासून रोज संध्याकाळी त्या पाइपात एक बादली पाणी ओता. मग परत मोजा आणि आकडा मला कळवा.